बोट एकीकडे, खूण दुसरीकडे : स्पर्शपडद्याची पारख

टॅबवर चाचणी घेणाऱ्या शिक्षकांना एक तक्रार हमखास ऐकावी लागते. "सर, मी 'क' वर बोट ठेवलं होतं, खूण 'ब' वर झाली." किंवा, "बाई, हे दाबलंच जात नाही." अशा वेळी बहुधा दोहोंपैकी एक घडते. मुलाला 'नीट बघून दाब' असे बजावले जाते, नाही तर टॅब बिघडला असे ठरवून तो कपाटात ठेवला जातो. दोन्ही निर्णय तपासणीवाचून घेतलेले असतात. पहिल्या निर्णयात मुलाचा गुण जातो आणि वर धांदरट म्हणून शिक्का बसतो; दुसऱ्यात शाळेचे काही हजार रुपये कुलपात अडकतात.

चूक बोटाची, पडद्याची की आतल्या प्रणालीची, हे तर्काने ठरवण्याचे कारण नाही. ते मोजता येते. त्यासाठी एक पट्टी, पारदर्शक चिकटपट्टी, बारीक टोकाचे पेन आणि वही एवढे साहित्य पुरते. आठवी-नववीचे विद्यार्थी हे काम उत्तम करतात, आणि मोजमापातील त्रुटी म्हणजे काय हे त्यांना व्हर्नियरपेक्षा यातून लवकर उमगते असे मला वाटते.

पडद्याला बोट कसे कळते?

आजच्या फोन आणि टॅबच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक पदार्थाच्या अतिशय पातळ पट्ट्या असतात. हा पदार्थ बहुधा इंडियम टिन ऑक्साइड असतो. काही पट्ट्या आडव्या आणि काही उभ्या असतात. त्या एकमेकींना ओलांडतात, पण एकमेकींना टेकत नाहीत. जिथे आडवी पट्टी उभीला ओलांडते, तिथे आपोआप एक छोटे धारित्र तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला कंडेन्सर म्हणतात, तेच. त्याची धारिता फार थोडी, काही पिकोफॅरड एवढीच असते. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग.

आपले शरीर खारट पाण्याने भरलेले असल्यामुळे चांगले विद्युतवाहक आहे. बोट काचेवर आले की त्या धारित्राच्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि आडव्या-उभ्या पट्ट्यांमधली धारिता किंचित घटते. ही घट पिकोफॅरडच्याही एका अंशाइतकी असते. टॅबमधली एक चिप, तिला आपण नियंत्रक म्हणू, सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहून अधिक वेळा सगळे छेदबिंदू तपासते आणि घट कुठे झाली ते पाहते. म्हणजे पडद्याला दाब कळत नाही; जवळ आलेला विद्युतवाहक कळतो. म्हणून जोरात दाबल्याने काही साधत नाही. जोराने बोट थोडे पसरते आणि स्पर्शाचे क्षेत्रफळ वाढते, एवढेच.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. पेनच्या प्लॅस्टिकच्या टोपणाने पडदा हलत नाही. स्टीलचा चमचा उघड्या हातात धरून त्याची पाठ काचेवर टेकवली तर हलतो. तोच चमचा जाड कोरड्या रुमालाच्या दोन-तीन घड्यांतून धरला की परिणाम क्षीण होतो, कारण शरीराशी असलेला विद्युत दुवा अशक्त झालेला असतो. काकडीचा तुकडा हातात धरूनही टॅब छान चालतो. मुले मग घरून गाजर, बटाटा, खोडरबर असे काय काय आणतात, आणू द्यावे.

आता खरी गंमत. शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर साधारण चार-पाच मिलिमीटर असते. मग नियंत्रक बोटाची जागा मिलिमीटरच्याही अंशापर्यंत कशी सांगतो? भारित सरासरीने. समजा, डाव्या कडेपासून २०, २५ आणि ३० मिलिमीटरवर तीन उभ्या पट्ट्या आहेत. बोट ठेवल्यावर त्यांच्यावरील घट अनुक्रमे ३०, ६० आणि १० एकके आली. तर बोटाची जागा अशी निघते: (२० × ३० + २५ × ६० + ३० × १०) ÷ १०० = २४ मिलिमीटर. पट्टीवर तीन ठिकाणी वजने ठेवून तिचा तोल कुठे साधतो हे काढण्यासारखेच हे गणित आहे. बोटाच्या टेकलेल्या भागाचा व्यास आठ-दहा मिलिमीटर असतो. म्हणून ते एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या झाकते आणि त्यामुळेच हा हिशोब शक्य होतो. अगदी बारीक टोकाच्या वस्तूला साधा पडदा नीट ओळखत नाही, तो याच कारणाने.

या गणितातून काही दोष आधीच ओळखता येतात. अगदी कडेच्या पट्टीला एका बाजूला शेजारीण नसते. तिथे सरासरी आतल्या बाजूला ओढली जाते. म्हणून कडेची अचूकता मधल्यापेक्षा कमी असते. उत्पादक त्यावर उपाय योजतात, पण कड ही पडद्याची दुबळी जागा राहतेच. दुसरे असे, की नियंत्रक घट मोजतो ती 'स्पर्श नसतानाच्या' वाचनाशी तुलना करून. हे मूळ वाचन तो सुरू होताना घेतो आणि तापमानाप्रमाणे हळूहळू सुधारत राहतो. टॅब सुरू होत असतानाच काचेवर तळहात किंवा ओले फडके असेल, तर मूळ वाचनच चुकते आणि पडदा काही काळ वेड्यासारखा वागतो. हात काढून टॅब पुन्हा सुरू केला की शहाणा होतो.

थोडा इतिहास

बोटाने पडद्यावर उत्तर देणे ही कल्पना फोनपेक्षा खूप जुनी आहे. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली धारितेवर चालणाऱ्या स्पर्शपडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. विमान वाहतूक नियंत्रकांचे काम सोपे करणे हा त्यामागचा हेतू होता. शिक्षकांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे आहे. तिथल्या 'प्लेटो' या संगणकीय अध्यापन प्रणालीच्या १९७२ च्या सुमारास आलेल्या चौथ्या आवृत्तीत विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तर देत. पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरण सोडलेले होते आणि बोटाने कोणते किरण अडले त्यावरून जागा कळे. ही जाळी होती १६ बाय १६ घरांची, आणि पडदा साडेआठ इंची चौरस. म्हणजे एक घर साडेतेरा मिलिमीटरचे झाले. त्याहून लहान चौकटीत पर्याय मांडून उपयोगच नव्हता. पाठ लिहिणाऱ्याला यंत्राची मर्यादा पक्की ठाऊक होती. आज आपण प्रश्नपत्रिका मांडताना हा विचार करत नाही.

भारतात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'आकाश' टॅबच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा रोधावर चालणारा होता. त्यात दोन वाहक थर दाबाने एकमेकांना टेकतात, त्यामुळे नखानेही काम होते आणि पेनच्या टोपणानेही. पुढच्या वर्षी आलेल्या 'आकाश २' ला धारितेवर चालणारा पडदा बसवला गेला. रोधाच्या पडद्यात थर झिजून किंवा ताणले जाऊन खूण सरकत जाते. म्हणून त्यात कोपऱ्यांतल्या फुल्यांना स्पर्श करून पडदा पुन्हा जुळवण्याची सोय असे. धारितेच्या पडद्याला अशी जुळवणी सहसा लागत नाही. आज 'टच दुरुस्त करून देतो' म्हणणारी अनेक अ‍ॅप मिळतात. तीही फुल्या दाखवतात आणि स्पर्श करायला लावतात, पण साध्या अ‍ॅपला नियंत्रकाच्या आत हात घालण्याची मुभाच नसते. त्यांच्या नादी न लागलेले बरे.

आधी मृत पट्टा शोधा

तपासणीआधी काच मऊ कोरड्या कापडाने पुसावी, चार्जर काढावा आणि शक्य असल्यास वरचा स्क्रीन गार्डही काढावा. मग चित्रे काढण्याचे कोणतेही साधे अ‍ॅप उघडावे. शेतात तासे मारावीत तशा बोटाने शेजारीशेजारी आडव्या रेघा ओढाव्यात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नंतर उभ्या. निरोगी पडद्यावर सगळ्या रेघा सलग येतात. जिथे रेघ तुटते किंवा अचानक सरळ उडी मारते, ती जागा संशयित.

तुटलेल्या जागांचा आकार बोलका असतो. पडद्याच्या पूर्ण रुंदीभर किंवा लांबीभर सरळ पट्टा मृत असेल, तर एखादी वाहक पट्टी किंवा तिची जोडणी तुटलेली आहे, कारण एका पट्टीवरचे सगळे छेदबिंदू एकदम गेले आहेत. वेडावाकडा डाग मृत असेल तर बहुधा तडा गेला आहे किंवा आत ओल शिरली आहे. सगळाच पडदा बधिर असेल तर काचेपेक्षा जोडपट्टी किंवा नियंत्रक यांच्याकडे आधी पाहावे.

पण एवढ्यावर निकाल देऊ नये. टॅब नव्वद अंशांत फिरवावा, चित्रही फिरू द्यावे आणि पुन्हा तासे मारावीत. मृत पट्टा काचेच्या त्याच भागात राहिला, म्हणजे आधी वर होता तो आता डाव्या किंवा उजव्या हाताला आला, तर दोष काचेचा किंवा जोडणीचा आहे. पट्टा चित्राबरोबर फिरून पुन्हा वरच्याच कडेला आला, तर दोष प्रणालीचा. बऱ्याच वेळा तो दोषही नसतो. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट ओढले की सूचना उघडतात आणि बाजूच्या कडेवरून ओढले की 'मागे जा' असा अर्थ घेतला जातो. म्हणून तिथले काही स्पर्श प्रणाली स्वतःच गिळून टाकते आणि चाचणीच्या अ‍ॅपपर्यंत पोचूच देत नाही. प्रश्नपत्रिकेतला एखादा पर्याय अगदी कडेला मांडला असेल तर मुलाची तक्रार खरी असते आणि टॅबही ठणठणीत असतो!

याच चित्रपटलावर आणखी एक पाहावे. प्लॅस्टिकची फूटपट्टी काचेवर तिरकी ठेवून तिच्या कडेने बोट अगदी सावकाश ओढावे. रेघ सरळ यायला हवी, पण पुष्कळ पडद्यांवर ती हलक्या लाटांसारखी येते. बोट एका पट्टीवरून दुसरीवर जाताना भारित सरासरीचा हिशोब किंचित चुकतो, त्याची ही नागमोड. २०१० साली अमेरिकेतल्या मोटो डेव्हलपमेंट ग्रुपने निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर अशाच तिरक्या रेघा आधी माणसाच्या बोटाने आणि मग यंत्रमानवाकडून काढून घेतल्या होत्या, आणि फोनाफोनांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. विद्यार्थ्यांना यातून एक सुंदर काम देता येते. आडव्या दिशेने पन्नास मिलिमीटर अंतरात किती लाटा बसतात ते मोजा. दहा लाटा असतील तर काचेखालच्या पट्ट्या पाच-पाच मिलिमीटरवर आहेत. न दिसणाऱ्या तारांचे अंतर शाळेच्या फूटपट्टीने मोजल्याचा आनंद काही वेगळाच.

अचूकता: पारडी बदलून पाहणे

अँड्रॉइडवर चालणाऱ्या टॅबमध्ये एक उपयुक्त सोय दडवून ठेवलेली असते. 'सेटिंग्ज'मध्ये टॅबची माहिती असते तिथे 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की 'डेव्हलपर पर्याय' उघडतात. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. त्यातला 'पॉइंटर स्थान' हा पर्याय चालू केला की स्पर्शाच्या जागी दोन काटकोनी रेघा उमटतात आणि वरच्या पट्टीत स्पर्शाचे क्ष व य निर्देशक, तसेच एका वेळी किती बोटे टेकली आहेत ते आकड्यांत दिसते. निर्देशक पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पिक्सेलमध्ये मोजलेले असतात. या भागात फक्त हीच सोय वापरावी, इतर पर्यायांना हात लावू नये, आणि काम झाल्यावर बंद करावी.

पिक्सेलचे मिलिमीटर करण्यासाठी प्रकाशित भागाची रुंदी फूटपट्टीने मोजावी. आठ इंची, ८०० बाय १२८० पिक्सेलच्या टॅबची रुंदी सुमारे १०८ मिलिमीटर भरते. म्हणजे एका मिलिमीटरला ७.४ पिक्सेल. आता डाव्या कडेपासून ५४ आणि वरून ८१ मिलिमीटरवर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून त्यावर शाईचा बारीक ठिपका द्यावा. हे आपले लक्ष्य. त्याचे निर्देशक झाले (४००, ६००). पडद्याचे आपोआप फिरणे बंद ठेवावे. टॅब मेजावर सपाट ठेवून विद्यार्थ्याने नेहमीसारखे ठिपक्यावर बोट टेकवावे, उचलावे आणि पुन्हा टेकवावे. असे निदान पाच वेळा. दहा केले तर उत्तम. दुसऱ्याने आकडे लिहून घ्यावेत. बोट टेकवणाऱ्याला आकडे दिसू देऊ नयेत, नाही तर तो नकळत जागा सुधारत जातो.

समजा, य निर्देशक असे आले: ६१८, ६२२, ६१५, ६२०, ६२५. यांची सरासरी ६२०. म्हणजे स्पर्श लक्ष्याच्या २० पिक्सेल, अर्थात २.७ मिलिमीटर खाली नोंदला जातो आहे. आकडे एकमेकांपासून मात्र फार दूर नाहीत. सगळे दहा पिक्सेलच्या पट्ट्यात आहेत. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. आकड्यांचा विखार म्हणजे यदृच्छ त्रुटी. अधिक वेळा मोजून सरासरी घेतली की ती कमी होते. सरासरीच लक्ष्यापासून सरकलेली असणे ही पद्धतशीर त्रुटी. शंभर वेळा मोजले तरी ती जात नाही.

पण ही पद्धतशीर त्रुटी कोणाची? टॅब सरकवून सांगतो आहे, की मूलच ठिपक्याखाली बोट टेकवते आहे? वाण्याच्या तराजूवर संशय आला तर आपण काय करतो? माल आणि मापे यांची पारडी बदलून पुन्हा तोलतो. इथेही तेच करायचे. टॅब मेजावर अर्धवर्तुळात फिरवून उलटा ठेवायचा, म्हणजे त्याची वरची कड मुलाकडे येईल. लक्ष्य तेच, बोट तेच, मूल तेच. चूक टॅबची असेल तर ती टॅबबरोबर फिरेल आणि वाचन पुन्हा ६२० च्या आसपासच येईल. चूक बोटाची असेल तर बोट अजूनही मुलाच्याच बाजूला सरकलेले असणार; पण टॅबच्या दृष्टीने ती दिशा आता उलट झाली, म्हणून वाचन ६०० च्या खाली जाईल.

समजा, उलट्या टॅबवर सरासरी ५८४ आली. पहिली त्रुटी +२०, दुसरी −१६. दोहोंच्या बेरजेचा निम्मा भाग, म्हणजे २ पिक्सेल, टॅबचा. वजाबाकीचा निम्मा भाग, म्हणजे १८ पिक्सेल, बोटाचा. टॅब पाव मिलिमीटरने चुकतो आहे, बोट जवळजवळ अडीच मिलिमीटरने.

अशी उत्तरे आली तर आश्चर्य वाटू नये. क्रिस्टियान होल्त्स आणि पॅट्रिक बाउडिश या जर्मनीतल्या संशोधकांनी २०१० आणि २०११ साली यावर बारकाईने काम केले. त्यांचा निष्कर्ष असा, की आपण नेम धरतो तो बोटाच्या वरून दिसणाऱ्या भागाच्या, नखाच्या व टोकाच्या आधाराने. काचेला टेकतो तो मात्र बोटाचा खालचा मांसल भाग, आणि तो आपल्याला दिसतच नाही. बोट जितके आडवे, तितकी ही तफावत मोठी. शिवाय ती माणसागणिक वेगळी, पण एका माणसाची बरीचशी ठरलेली असते. म्हणून 'क' वर नेम धरूनही 'क' च्या खालचा पर्याय उमटणे हे धांदरटपणाचे लक्षण नव्हे. वर्गातल्या प्रत्येकाची बोटाची त्रुटी काढून तिचा आलेख करावा. नख वाढवणारे, बोट आडवे टेकवणारे आणि उभे टेकवणारे असे गट वेगळे पडतात का, हे मुलांनाच शोधू द्यावे.

मग टॅबने ही तफावत आपणहून सुधारून द्यावी की नाही? २०१३ मध्ये फिनलंडच्या ऑप्टोफिडेलिटी या कंपनीने काही फोनची यंत्रमानवी बोटाने तपासणी केली. यंत्राने जिथे टेकवले त्याच्या एक मिलिमीटरच्या आत नोंद झाली तर ती जागा बरोबर, अन्यथा चूक, असा दंडक होता. अ‍ॅपलच्या आयफोनवर पडद्याच्या बऱ्याच भागात, विशेषतः वरच्या बाजूला, नोंद सरकलेली आढळली आणि फोन अचूक नसल्याचा गवगवा झाला. त्यावर एक आक्षेप लगेच पुढे आला. यंत्राचे बोट काचेला लंब होते. माणसाचा अंगठा तिरका येतो. अंगठा जितका दूर पोचतो तितका अधिक तिरका होतो, आणि ते सरकणे त्याच हिशोबाने मुद्दाम ठेवलेले असू शकते. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. नोंद यंत्राच्या टोकाशी जुळणे आणि माणसाच्या मनातल्या जागेशी जुळणे ही दोन वेगळी मापे आहेत. कोणते वापरायचे हे आधी सांगितल्याशिवाय 'अचूक' या शब्दाला अर्थ राहत नाही. आपण वर टॅब उलटा करून जे वेगळे केले, ते नेमके हेच.

कोणी न टेकवता होणारे स्पर्श

कधीकधी पडद्यावर आपोआप खुणा उमटतात, पाने उलटतात. मुले याला भुताटकी म्हणतात. 'पॉइंटर स्थान' चालू ठेवून टॅब दहा मिनिटे मेजावर कोणीही न शिवता ठेवावा. बोटांचा आकडा शून्यावरून हलला आणि रेघा उमटू लागल्या, तर काच, ओल किंवा जोडणी यांत दोष आहे.

हाच प्रयोग चार्जर लावून करावा, आणि या वेळी बोटही टेकवावे. टॅब एरवी चांगला, पण चार्जर लावून बोट टेकवले की वेडावाकडा वागणारा असेल, तर दोषी चार्जर. निकृष्ट चार्जरमधून टॅबच्या संपूर्ण मंडलावर जमिनीच्या तुलनेत कमीजास्त होणारा विद्युतदाब येतो. आपण जमिनीशी जोडलेले. बोट टेकताच या दोहोंमध्ये मार्ग तयार होतो आणि नियंत्रकाला मोजायच्या चिमूटभर घटीपेक्षा हा गोंगाट मोठा ठरतो. दुसरा, टॅबबरोबर आलेला चार्जर लावून पाहिला की खात्री पटते. परीक्षेच्या वेळी टॅब चार्जरला जोडून ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी, ती यासाठी.

पावसाळ्यात भिजलेल्या हातांनी, किंवा मे महिन्यातल्या घामाने, काचेवर थेंब राहतात. थेंबही विद्युतवाहक असल्याने नियंत्रकाला ते बोटासारखे भासू शकतात. याला उपाय फडक्याचाच. जाड स्क्रीन गार्डने बोट पट्ट्यांपासून दूर जाते आणि घट कमी होते. गार्ड काढल्यावर पडदा सुधारत असेल तर नवी काच घेण्याची घाई करू नये.

मात्र एका गोष्टीत थांबू नये. काच एका बाजूने उचललेली दिसत असेल, टॅबची पाठ फुगलेली असेल किंवा मेजावर ठेवल्यावर तो डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. फुगलेली बॅटरी पडद्याला आतून रेटते आणि त्यामुळेही स्पर्श बिघडतो. असा टॅब तपासत बसू नये, दाबू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. बंद करून मुलांपासून दूर ठेवावा आणि दुरुस्ती केंद्रात द्यावा.

दुरुस्तीकडे जाण्याआधी

दुकानात बहुधा 'फोल्डर बदलावा लागेल' असे सांगतात. फोल्डर म्हणजे काच, स्पर्शाच्या पट्ट्या आणि चित्र दाखवणारा भाग यांचा एकत्र संच. दोष काचेत असेल तर तो बदलणे योग्यच. पण दरवेळी तो तिथेच असतो असे नाही. आयफोन ६ प्लसच्या काही फोनांत पडद्याच्या वरच्या भागात करडी पट्टी थरथरे आणि स्पर्श लागेनासा होई. दुरुस्ती करणाऱ्यांच्या ध्यानात आले, की पडदा बदलूनही तक्रार परत येते, कारण स्पर्शाची चिप मुख्य फलकावर होती आणि तिचे डाक सुटत होते. अ‍ॅपलने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये या फोनसाठी दुरुस्ती योजना जाहीर केली; फोन कठीण पृष्ठभागावर वारंवार पडल्याने असे होते, असे तिचे म्हणणे होते. म्हणून मृत पट्टा दर वेळी त्याच जागी आहे, की टॅब हलका दाबल्यावर किंवा तापल्यावर येतो-जातो, हे वहीत टिपून दुकानदाराला दाखवावे. जागा स्थिर असेल तर काच. येत-जात असेल तर जोडणी, असा पहिला अंदाज बांधता येतो.

आता प्रश्नपत्रिकेकडे. वरच्या उदाहरणातले मूल सरासरीने अडीच मिलिमीटर खाली टेकवते आणि त्याचा विखार दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटर आहे. म्हणजे त्याची खूण मध्यापासून सव्वातीन मिलिमीटरपर्यंत खाली जाऊ शकते. पर्यायाची चौकट चार मिलिमीटर उंचीची असेल तर ती मध्यापासून खाली दोनच मिलिमीटर पुरते. हे मूल जवळजवळ दर वेळी खालच्या पर्यायात जाणार. चौकट सात मिलिमीटरची केली तर ते कसेबसे आत राहते आणि नऊ-दहाची केली तर सुखरूप. सात ते दहा मिलिमीटर हेच माप गूगलच्याही मार्गदर्शक सूचनांत आहे. चौकटी मोठ्या करणे, दोन चौकटींत मोकळी जागा सोडणे, पर्याय कडेला न नेणे आणि खूण केलेले उत्तर पुढे जाण्याआधी बदलता येणे, एवढ्या चार गोष्टी चाचणी तयार करणाऱ्याने पाहिल्या तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. चाचणीआधी गुणांविना एक सरावाचे पान द्यावे. त्यात पडद्याच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक चौकट ठेवून प्रत्येकीला स्पर्श करायला सांगावे. अर्ध्या मिनिटात टॅबची परीक्षा होऊन जाते, आणि ज्याचा टॅब नापास झाला त्या मुलाला वेळ वाया न घालवता दुसरा देता येतो.

प्रत्येक टॅबला क्रमांक देऊन एक नोंदवही ठेवावी: तारीख, मृत जागांची लहान आकृती, टॅबची त्रुटी मिलिमीटरमध्ये, चार्जरसह आणि चार्जरविना झालेले वर्तन. सहामाहीगणिक ही नोंद केली तर दोष वाढतो आहे की आहे तेवढाच आहे ते कळते. ज्या टॅबचा एखादा पट्टा कायमचा गेला आणि दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, तो टाकून देण्याचे कारण नाही. ओटीजी नावाची छोटी जोडतार बाजारात स्वस्त मिळते. तिच्यामार्फत संगणकाचा साधा माउस बहुतेक अँड्रॉइड टॅबला जोडता येतो, पडद्यावर बाण दिसू लागतो आणि मृत पट्ट्यातल्या चौकटीवरही खूण करता येते.